मुलुंड नाक्यावर दोर तपासायचा

आमच्या आप्पांनी ट्रकवर पहिली मोटार बांधली ती बैलगाडीत कडबा बांधतात तशी. १९६२ साली जुन्नरकडून ते घाटकोपरला आले तेव्हा अंगात एकच हुन्नर होता, नाडा आवळायचा. कडबा माणसाच्या दुप्पट उंच रचायचा, वरून नाडा टाकायचा, मागून दोघांनी लोंबकळायचं आणि गाठ मारायची. वाट कितीही खाचखळग्यांची असो, पेंढी हलायची नाही.

शेजारच्या कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली ती कंपनी १९५४ पासून फियाट ११०० बनवत होती. आग्रा रोडवरच्या गॅरेजांत, म्हणजे आजच्या एलबीएस मार्गावर, दिवसरात्र फियाटच दिसे. आप्पा तिथेच हरकाम्या म्हणून लागले. बंद पडलेली गाडी आणायची तर टोचन करायचं. दोन गाड्यांमध्ये साखळी, मागच्या गाडीत स्टिअरिंगला एक माणूस आणि त्याचा पाय कायम ब्रेकवर. पुढच्याने अचानक ब्रेक मारला की बंपर गेलाच. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९ पासून मुंबईत होती, तिच्या सभासदांना तिचा आधार असे. बाकीचे आप्पांना हाक मारत.

गाडी टोचन न करता आख्खी ट्रकवर चढवायची वेळ आली ती शर्यतींमुळे. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी आहे. तिथे मोटारींच्या शर्यती होत आणि आमच्या उपनगरांतले हौशी लोक त्यासाठी वर्षभर फियाटवर काम करत. मागची सीट काढायची, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवायची, सायलेन्सर बदलायचा. मी पाहिलेल्या पहिल्या स्पोर्ट्‌स कार म्हणजे या फियाटच. तेराशेहून जास्त किलोमीटर चालवत नेली तर शर्यतीआधीच इंजिन थकणार, म्हणून ट्रक. आमच्याकडे रॅम्प नव्हता. मालाच्या धक्क्याला ट्रक पाठमोरा लावायचा, मध्ये सागाच्या दोन फळ्या टाकायच्या आणि चौघांनी गाडी ढकलत आत घ्यायची. पुढचं नाक फळीला घासतंय का ते बघायला मी खाली वाकून बसायचे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. नंतर आप्पा छतावरून आडवे-उभे दोर टाकत, काचेखाली गोणपाट कोंबत आणि चाकांना दगड लावत.

या पद्धतीतली चूक आम्हाला कळायला १९८९ साल उजाडलं. तोवर आप्पांचं स्वतःचं काम होतं आणि हिशोब माझ्याकडे. नाशिकहून एका डॉक्टरांची जुनी एमजी टीसी आणायची होती. १९४०च्या दशकातली, दोन माणसांची उघडी गाडी, तारांच्या आऱ्यांची उंच चाकं. वजन फियाटपेक्षाही कमी. ऑक्टोबर होता. इगतपुरीला परतीच्या पावसाने झोडपलं, कसारा उतरून आलो तर शहापूरला कडक ऊन. मुलुंडच्या जकात नाक्यावर नेहमीची रांग. आप्पा पाय मोकळे करायला उतरले आणि मागून ओरडले. एमजी चार बोटं मागे सरकली होती, मडगार्ड ट्रकच्या फाळक्याला टेकलं होतं आणि दोर नुसता लोंबत होता.

त्या रात्री आप्पा जेवले नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी मला जे सांगितलं त्यावरच मी आजवर काम केलं. तागाचा दोर भिजला की फुगतो, आखूड होतो आणि आपोआप आवळला जातो. वाळला की लांबतो. पावसात घट्ट लागलेला दोर उन्हात ढिला पडणारच. पण त्यांना खरी खुपत होती ती दुसरी गोष्ट. बैलगाडीला स्प्रिंगा नसतात. आख, साटा, माल सगळं एकजीव, धक्का बसला तर सगळं मिळून उसळतं. मोटारीचं अंग मात्र स्प्रिंगांवर तरंगतं. खड्डा आला की अंग खाली दबतं, त्या क्षणी दोर सैल होतो, अंग वर येताच पुन्हा ताणला जातो. मुंबई-नाशिक रस्त्यावर असे हिसके किती बसले असतील! गाठ काय करणार?

तेव्हापासून आम्ही अंग बांधणं सोडलं. एमजीसारख्या गाडीला पुढे-मागे सरळ आख असतात, तिथे दोर आखाला घ्यायचा. तारेच्या आऱ्यांतून मात्र कधीच घ्यायचा नाही, आऱ्या वाकतात. नव्या गाड्यांना टायरवरूनच पट्टा घालायचा, म्हणजे चाक ट्रेलरला जखडलेलं राहतं आणि अंग आपल्या स्प्रिंगांवर हवं तितकं डोलतं. पुढे तागाचे दोर गेले, दोन इंची पॉलिएस्टरचे रॅचेट पट्टे आले. त्यांच्यावर क्षमतेची निळी चिठ्ठी शिवलेली असते. ती फाटलेला पट्टा मी वापरू देत नाही, मग मुलं कितीही कुरकुरोत.

धंदा खरा पालटला २६ जुलै २००५ नंतर. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुर्ला, कलिना, साकीनाका इथे गाड्या छतापर्यंत बुडाल्या. पुढचे तीन आठवडे आम्ही घरी फक्त अंघोळीला येत होतो. आकड्याने पुढची चाकं उचलून ओढायच्या नादात किती ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स गेले, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मागच्या चाकांना ताकद असलेली ऑटोमॅटिक गाडी अशी ओढायचीच नसते. त्यानंतर आम्ही कर्ज काढून फ्लॅटबेड घेतली. मग अंधेरी-जुहूकडे बुटक्या, रुंद, परदेशी गाड्या वाढल्या आणि आप्पांच्या सागाच्या फळ्या पुन्हा बाहेर निघाल्या, कारण या गाड्यांचं नाक लोखंडी रॅम्पलाही टेकतं.

शर्यतींच्या गाड्यांसाठी छोटा ट्रेलरही आहे. त्याचं गणित वेगळं. एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा पुढच्या जोडावर यायला हवा, नाहीतर वेग वाढला की ट्रेलर शेपटासारखा हेलकावतो. पोर्शे ९११ चं इंजिन मागच्या आखाच्याही मागे असतं. तिला नेहमीच्या जागी उभी केली तर वजन मागे जातं. ती आणखी पुढे घ्यावी लागते किंवा उलटी चढवावी लागते.

१ जुलै २०१७ ला जकात गेली. रांगा गेल्या, सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. पण त्या रांगेत प्रत्येक ड्रायव्हर उतरून मालाभोवती एक फेरी मारत असे, ती फेरीही गेली. आप्पा तर नाशिकला जातानाही तिथे थांबत, कारण घाटकोपरपासून तेवढ्या अंतरात पट्टा जो काही बसायचा तो बसतो.

गेल्या महिन्यात रात्री अकराला पोर्शे घेऊन नाशिककडे निघालो. मुलुंडला मी गाडी बाजूला घ्यायला लावली. "ताई, आत्ताच तर आवळलंय," गाडीवरचा पोरगा म्हणाला. मी उतरले. चारही पट्ट्यांवर तळवा मारून बघितला. तीन टणक वाजले. मागच्या डावीकडचा बद्द वाजला. पोराने मुकाट्याने रॅचेटचे दोन दात आवळले आणि मग स्वतःच उरलेले तीन पुन्हा तपासले.