कंबरदुखी : आराम किती, हालचाल किती?

मोहम्मद बिन झायद सिटी ही अबुधाबीची वसाहत बेटाबाहेर, मुसाफाच्या शेजारी आहे. मुलं तिथे नोकरीला असली की मुंबई-ठाण्याचे आईवडील दोन-तीन महिने राहायला जातात, आणि बऱ्याच जणांची कंबर तिथेच धरते. कारण साधं आहे. घरी बाजार, जिने, शेजारपाजार यात नकळत चालणं होतं. तिथे दारातून गाडीत, गाडीतून दुकानात. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, म्हणून दिवसभर एसी आणि खोल, मऊ सोफा. असा सोफा कंबरेचा वैरीच. पाठीला टेकू देणारी जेवणाच्या टेबलाची खुर्ची बरी.

कंबर दुखली की "आडवे पडा" हा सल्ला जुना. पूर्वी डॉक्टरसुद्धा आठ-आठ दिवस झोपवून ठेवत. १९८६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दोन दिवस आराम केलेले रुग्ण सात दिवस आराम केलेल्यांपेक्षा लवकर कामावर गेले. १९९५ साली फिनलंडमध्ये दिसलं की झेपेल तेवढं रोजचं काम चालू ठेवणारे अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे होतात. पडून राहिलं की स्नायू ढिले पडतात, आणि उतारवयात ते परत कमवायला फार वेळ लागतो.

म्हणून उसण भरली तर पहिले एक-दोन दिवस अधूनमधून अर्धा तास पडावं. कुशीवर असाल तर गुडघ्यांमध्ये उशी, उताणे असाल तर गुडघ्यांखाली. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटून बसा. सोसेल इतका गरम शेक चालेल. बाकी वेळ दर अर्ध्या तासाने उठून घरातल्या घरात दोन-चार फेऱ्या माराव्यात. थोडं दुखलं म्हणजे आत काही मोडलं असं नव्हे, पण चालल्यावर दुखणं वाढून तसंच राहिलं तर फेऱ्या कमी करा.

बाहेर चालायचं तर उन्हाळ्यात पहाटे, किंवा सरळ मझ्याद मॉलमध्ये. मॉल उघडल्या उघडल्या गर्दी कमी असते. फरशी गुळगुळीत असते, सपाता नकोत, बूट घाला. दुपारचं ऊन टाळाच. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात मजुरांकडून काम करून घ्यायला तिथे सरकारचीच बंदी असते!

नातवंडाला वाकून उचलू नका. आधी बसा, मग त्याला मांडीवर घ्या.

कंबरेचा पट्टा बरेच जण हौसेने घेतात. जुनाट कंबरदुखीला तो सरसकट वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. त्याऐवजी व्यायामाची शिफारस केली.

गोळ्यांबाबत जपून. डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन यांनी म्हातारपणी मूत्रपिंड आणि रक्तदाबाला त्रास होऊ शकतो, डॉक्टरांना विचारूनच घ्या. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या इथून नेऊ नका. तिथे त्या नियंत्रित आहेत, आधी ऑनलाइन परवानगी लागते.

पडल्यानंतर पाठ दुखू लागली, ताप आला, वजन घटतंय किंवा पूर्वी कॅन्सर झाला असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. हाडं ठिसूळ असली की साध्या धक्क्यानेही मणका दबतो. लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पायातली शक्ती गेली, तर त्याच क्षणी ९९८ वर ॲम्ब्युलन्स बोलवा.