हरिप्रियेची वाट, आता आकाशातून

कोल्हापूर–तिरुपती विमानाची कुळकथा बहुधा १९३९ सालापासून, छत्रपती राजाराम महाराजांनी उभारलेल्या उजळाईवाडीच्या विमानतळापासून सांगतात. मग २०१६ची उडान योजना आणि मे २०१९मध्ये इंडिगोने सुरू केलेली सेवा. हे सारे खरे, पण त्यातून धावपट्टी कुठून आली एवढेच कळते, ही वाट कुठून आली ते कळत नाही. उडानमध्ये मागणी जोखून मार्गाची बोली विमान कंपनीच लावते. ठरावीक जागा स्वस्तात दिल्याने येणारी तूट सरकार काही काळ भरून देते. अरुणाचलातल्या झिरोसारख्या डोंगरी आदिवासी मुलखात अशी मदत का लागते ते उघड आहे. तिरुपतीला मात्र कोल्हापुरातून थेट रेल्वे होतीच. त्या गाडीचे नाव हरिप्रिया, आणि माझ्या मते या विमानाचे कूळ त्या नावातच सापडते.

हरिप्रिया म्हणजे लक्ष्मी. तुळशीलाही हे नाव आहे, पण करवीरातून, म्हणजे कोल्हापुरातून, निघणाऱ्या गाडीला ते कोणाचे हे सांगायला नको. भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, लक्ष्मी रुसून करवीरला आली आणि तिच्या विरहात विष्णू वेंकटाद्रीवर गेला, अशी तिरुपतीची कथा. त्यामुळेच करवीरची लक्ष्मी मानलेल्या अंबाबाईवाचून बालाजीचे दर्शन अपुरे मानतात, नवरात्रात तिरुपती देवस्थानाचा शालू इथे येतो. यावरचा आक्षेप भक्कम आहे. अंबाबाईच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र. मस्तकी नाग, पाठीशी सिंह. कोल्हासुराला मारणारी ही आदिशक्ती, ती कुणाची रुसलेली पत्नी कशी? मूर्तीपुरता हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. कथा दक्षिणेतूनच इकडे आली असणार, कारण तिच्यात करवीर हा नुसता मुक्काम आहे, नायक वेंकटेशच. पण भाविक मूर्तिशास्त्र तपासून तिकीट काढत नाहीत. ते ऐकलेल्या कथेमागून जातात, आणि प्रश्न इथे प्रवाशांचा आहे.

या विमानामागे कथेऐवजी सांगितला जाणारा दुसरा तर्क उद्योगांचा: शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे कापड. मुंबई, बंगळूर, हैदराबादच्या विमानांना तो चपखल बसतो, तिरुपतीच्या विमानाला नाही. कोल्हापूरच्याच घोडावत समूहाची स्टार एअर जानेवारी २०१९मध्ये उडू लागली, तेव्हा बंगळूर–हुबळीच्या जोडीने तिनेही सुरुवातीलाच हुबळीहून तिरुपती गाठले.