गाभा-कवच धातुकण
गाभा-कवच धातुकण : एका धातूच्या गाभ्याभोवती दुसऱ्या धातूचे वा मिश्रधातूचे पातळ कवच असलेले, सामान्यतः १ ते १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जावा भाग) आकारमानाचे कण. तापविलेल्या तांब्याच्या भांड्यावर नवसागराच्या साहाय्याने कथिलाची कल्हई चढवितात, त्यात मूळ कल्पना हीच आहे. मात्र कल्हईवाल्यापुढे भांडे तयार असते. या कणांत पुष्कळदा गाभा व कवच ही दोन्ही एकाच विद्रावात घडवावी लागतात.

सोन्याच्या कलिलाचा तांबडा रंग कणांच्या सूक्ष्मतेमुळे येतो, असे मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्ये प्रतिपादिले. मॉरिस व कॉलिन्स यांनी १९६४ मध्ये सोन्याच्या कणांवर चांदीचे कवच असलेल्या कलिलांचे प्रकाशीय गुणधर्म प्रसिद्ध केले. कवच जाड होत जाते, तसा तांबडा रंग पिवळ्याकडे झुकतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी यांनी या विषयात केलेले कार्य विशेष उद्‌बोधक आहे. सोने व चांदी यांचे आयन एकत्र असलेल्या विद्रावात त्यांनी कडुनिंबाच्या पानांचा अर्क मिसळला (२००४). सोन्याच्या क्लोराइडी आयनाचे प्रमाणभूत क्षपण वर्चस् सु. १·०० व्होल्ट, तर चांदीच्या आयनाचे ०·८० व्होल्ट असल्यामुळे सोन्याचे क्षपण अधिक सुलभ असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सोन्याच्या कणांवर चांदीचे बारीक कण चिकटलेले आढळले. अर्थात ‘कवच’ हा शब्द येथे थोडा सैलपणे घ्यावयास हवा. ते अखंड पटल नव्हते.

याच प्रयोगशाळेत फ्यूजेरियम ऑक्सिस्पोरम या कवकाच्या साहाय्याने त्याच दोन धातूंपासून मिश्रधातूचे कण मिळाले (२००५). कवकाने स्रवलेला सहघटक त्या मिश्रधातूचे संघटन ठरविण्यात महत्त्वाचा असल्याचे दिसून आले. सोने व चांदी यांच्या स्फटिकजालकांची अंतरे अनुक्रमे ४·०८ व ४·०९ अँगस्ट्रॉम, म्हणजे जवळजवळ सारखी असल्याने हे धातू कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. म्हणून त्यांचे थर वेगळे राहतात ते मुख्यतः क्षपणाच्या क्रमामुळे. कण पुरेसे तापविल्यास थर एकजीव होतात.

इंधन-विद्युत् घटात मात्र थर टिकणे हाच कळीचा प्रश्न आहे. तेथे पॅलॅडियमाच्या गाभ्यावर प्लॅटिनमाचा केवळ एका अणूएवढ्या जाडीचा थर देऊन महागड्या प्लॅटिनमाची बचत साधता येते. परंतु घट चालू असताना गाभ्यातील पॅलॅडियम हळूहळू विरघळू शकते.