भायखळ्याचे हरवलेले रिंगण

वाडा पडला तरी त्याचा चौथरा उरतो, तळे आटले तरी खोलगट जागा उरते. शर्यतीचे मैदान नाहीसे झाले की मात्र मागे काही उरत नाही, कारण ते मुळात मोकळ्या जागेचेच बनलेले असते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत घोड्यांच्या शर्यती भायखळ्याला होत. १८८३ साली महालक्ष्मीचे नवे मैदान सुरू झाले आणि जुन्या मैदानावर शहर चढले. आज आग्रीपाड्याच्या गल्ल्यांतून चालणाऱ्याला येथे कधी घोडे धावत होते, याची एकही खूण दिसत नाही. अशा जागेचा इतिहास लिहायचा तर दगडमातीपेक्षा शब्दांकडे पाहावे लागते, आणि मोकळी जमीन कोणाच्या वाट्याला आली, हा प्रश्न विचारावा लागतो.

ती जमीन मुळात समुद्राची. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडीतून भरतीचे पाणी आत शिरे आणि भायखळ्यापर्यंतचा सखल भाग दलदलीचा होई. हॉर्नबीच्या कारकिर्दीत हाती घेतलेला बांध १७८४ च्या सुमारास पूर्ण झाला आणि ही वाट बंद झाली. १७९३ साली बेलासिस रस्ता झाला, तो सुरतेकडून आलेल्या दुष्काळग्रस्तांच्या श्रमांतून. अशा रीतीने किल्ल्याबाहेर सपाट, मोकळी जमीन हाती आली. १८०० साली बॉम्बे टर्फ क्लब स्थापन झाला व भायखळ्याच्या शर्यतींना स्थिर रूप आले. पुढे १८३३ मध्ये याच परिसरात भायखळा क्लब निघाला. त्याचे सभासदत्व युरोपियनांपुरते होते.

मैदानावर धावणारा घोडा मात्र युरोपियन नव्हता. बसऱ्यापासून इराणच्या आखातातल्या बंदरांपर्यंतून गलबते भरून अरबी घोडे मुंबईत येत. अरब व्यापाऱ्यांच्या पागा हे त्या काळच्या मुंबईचे एक वैशिष्ट्य होते. १८४० च्या दशकात इराणातून मुंबईला आलेले पहिले आगाखानही घोड्यांचे आणि शर्यतींचे शौकीन होते. त्यांच्या नातवाच्या, म्हणजे तिसऱ्या आगाखानांच्या घोड्यांनी १९३० ते १९५२ या काळात इंग्लंडमधली एप्सम डर्बी पाच वेळा जिंकली. त्या घराण्याच्या शौकाची हिंदुस्थानातली सुरुवात मुंबईची आहे.

अरबी घोड्याचे मोल शर्यतीच्या मैदानावर ठरण्यापूर्वी रणांगणावर ठरले होते. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्लीची लढाई झाली. तीत त्याचा एक घोडा गोळी लागून पडला आणि ‘डायोमेड’ हा त्याचा आवडता अरबी घोडा भाल्याने जखमी झाला. पुढे जालन्याला छावणी बसली. १८२७ साली बांधलेली ती छावणी निजामाच्या कंटिन्जंट फौजेकडे होती, आणि १९०३ मध्ये फौज हलल्यावर ती ओस पडली. गोऱ्या साहेबांचा शर्यतींचा छंद अशाच लष्करी वातावरणात वाढला होता. पण दोन जागांचा शेवट उलट तऱ्हेने झाला. जालन्याची छावणी माणसे निघून गेली म्हणून उजाड झाली. भायखळ्याचे मैदान माणसे आली म्हणून नाहीसे झाले.

ती माणसे का आली, हे सांगायला चार सनावळ्या पुरेत. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी भायखळ्यावरून धावली. १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचा पैसा मुंबईत लोटला. १८७२ च्या शिरगणतीत ६,४४,४०५ असलेली वस्ती १८८१ मध्ये ७,७३,१९६ झाली. किल्ल्याबाहेरचा निवांत भायखळा आता गिरण्यांच्या ऐन शेजारी आला. शर्यती पश्चिमेला महालक्ष्मीच्या दलदलीवर गेल्या, म्हणजे त्याच बांधाने मिळवून दिलेल्या दुसऱ्या तुकड्यावर. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या पहिल्या योजनांत नागपाडा आणि आग्रीपाडा होते. साहेबांच्या करमणुकीच्या परिसरात कामकऱ्यांच्या चाळी आल्या.

आता शब्दांकडे वळू. ‘शर्यत’ हा शब्द अरबी ‘शर्त’वरून आला आहे. अट आणि पैज हे दोन्ही अर्थ त्यात आहेत; धावण्याचा अर्थ मागाहून चिकटला. म्हणजे घोडाही अरबी आणि शब्दही अरबी. स्थलनामांची कथा याहून बोलकी आहे. ‘भायखळा’ या नावाची एक व्युत्पत्ती भायाचे खळे अशी सांगतात. ती ग्राह्य धरली तर तेथले पहिले रिंगण मळणीचे ठरते : मध्ये तिवडा, भोवती फिरणारे बैल आणि पायांखाली धान्य. आग्रीपाडा हे नाव आगरी लोकांच्या वस्तीचे, मिठागरे आणि भातखाचरे यांची आठवण देणारे. सुमारे ऐंशी वर्षे नांदलेल्या मैदानाने आपले एकही मराठी नाव मागे ठेवले नाही; ‘क्लब बॅक रोड’सारखी एखादी पाटी क्लबाची आठवण देते, घोड्यांची नव्हे. खळ्याचे आणि पाड्याचे नाव मात्र टिकले. जी जागा लोकांच्या पोटाशी जोडलेली असते तिचे नाव लोक विसरत नाहीत, असे म्हणावेसे वाटते.

हा प्रश्न केवळ जुन्या नकाशांपुरता नाही. महालक्ष्मीच्या मैदानाच्या भाडेपट्ट्याची मुदत २०१३ साली संपली. २०२४ मध्ये सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे द्यावेत आणि ९१ एकर शर्यतींसाठी राहावेत, असे ठरले. भायखळ्याचे मैदान गेले तेव्हा त्याची मोकळीक कोणालाच मिळाली नाही : क्लबाने दुसरी जागा घेतली, आणि चाळींतल्या बिऱ्हाडांना दहा बाय दहाची खोली मिळाली. भायखळ्याहून उरलेला धडा एवढाच आहे. मोकळी जागा राखण्याचे काम आजवर मुंबईत श्रीमंतांच्या शौकाने केले. तो शौक मागे सरला की ती राखण्याची जबाबदारी कोणी तरी जाणीवपूर्वक उचलावी लागते. नाही तर दोन पिढ्यांत ती जागा पायाखालून जाते, आणि तिच्याविषयी कोणाला हळहळही वाटत नाही.