मास्टर विठ्ठल आणि उर्दूचा पेपर

मोहन्यात मी उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवते. बी.एड.च्या सराव पाठात एका निरीक्षकांनी माझ्या वहीवर शेरा मारला होता की मराठी उच्चारांवर उर्दूची छाप आहे. पुढे एका मुशायऱ्याला गेले, तर एका बुजुर्ग साहेबांनी सांगितलं, "बेटी, तुमची उर्दू फार मराठी आहे." दोन्ही बाजूंनी नापास! म्हणूनच मास्टर विठ्ठल यांच्याबद्दल मला पहिल्यापासून जिव्हाळा आहे.

भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्याचा नायक हा मराठी माणूस. लहानपणी नाटक कंपनीत होता, मग कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आला. तिथे फिल्म कापण्या-जोडण्याचं काम शिकला. पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो १९२४ च्या 'कल्याण खजिना'मध्ये, तोही नर्तकी म्हणून. आमच्या कल्याणच्या नावाचा हा चित्रपट, पण कल्याणमध्ये कुणाला विचारा, माहीत नसतो.

पुढे मुंबईत शारदा कंपनीच्या मूकपटांत तो नायक झाला. घोडा, तलवार, गच्चीवरून उड्या. लोक त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. पाट्या बदलल्या की चित्रपट कुठेही चाले. उडी मारणाऱ्याची मातृभाषा कोण विचारतो?

मग आर्देशीर इराणी यांनी बोलपट काढायचं ठरवलं. नायक म्हणून आधी मेहबूब खान यांचा विचार झाला होता, तेच पुढे 'मदर इंडिया' करणारे. पण धोका मोठा होता, नाव चालणारं हवं होतं, म्हणून विठ्ठल. त्यांनी शारदाशी केलेला करार मोडला आणि प्रकरण कोर्टात गेलं. विठ्ठल यांचं वकीलपत्र घेतलं बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी, आणि निकाल विठ्ठल यांच्या बाजूने लागला. जिनांचं नाव आलं की आपल्याकडे लोक दचकतात. पण तेव्हाच्या मुंबईत ते नामांकित वकील होते, आणि एका मराठी नटासाठी उभे राहिले, एवढंच. गंमत म्हणजे करार, वकील, दावा, फिर्याद, तारीख हे कोर्टाचे सगळे शब्द मराठीत फारसी-अरबीतूनच आलेले. कोर्टात विठ्ठल यांना उर्दूची अडचण आली नसावी.

अडचण आली ती स्टुडिओत. 'आलम आरा' जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावर बेतलेला, भाषा हिंदुस्तानी. नायिका झुबेदा, सोबत पृथ्वीराज कपूर. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री चित्रीकरण चाले, माईक सेटवर कुठे कुठे लपवलेले. (आंबिवलीवरून मेल धडधडत गेली की आमच्या वर्गातही धडा थांबतो, त्यामुळे हे मला लगेच पटलं.)

सांगितलं असं जातं की विठ्ठल यांचा तलफ्फुज जमेना, म्हणून त्यांना बऱ्याच प्रसंगांत गुंगीत, अर्धवट शुद्धीत दाखवलं आणि संवाद कमी केले. पहिल्या बोलपटाचा नायक, आणि बोलायचं कमी!

मी शिक्षिका म्हणून या गोष्टीकडे जरा संशयाने बघते. मराठी जिभेला 'ज़' अवघड नाही, आपल्या 'जरा'मध्ये तो जवळपास आहेच. 'क़', 'ख़', 'ग़' मात्र घशातून काढायला शिकावे लागतात, आणि ते माझ्या वर्गातल्या मुसलमान मुलांनाही शिकावेच लागतात. घरी दखनी किंवा कोकणी बोलणारं मूल पोटातून लखनवी उर्दू घेऊन येत नाही. विठ्ठल यांना शिकायला किती दिवस मिळाले असतील? आणि तपासायचं कशावरून? 'आलम आरा'ची एकही प्रत आज शिल्लक नाही. उत्तरपत्रिका हरवली, गुण मात्र सगळ्यांना पाठ.

शिवाय ते त्यानंतर गप्प बसले नाहीत. १९३३ मध्ये त्यांनी 'आवारा शहजादा' हा बोलपट केला, दिग्दर्शन त्यांचंच, आणि त्यात राजपुत्र आणि गरीब अशी दुहेरी भूमिका शाहू मोडक यांची. बोलता न येणारा माणूस इतरांकडून संवाद बोलून घ्यायची जोखीम घेईल का? पुढे मराठीत ते भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्ये दिसले. नंतर भूमिका लहान होत गेल्या, तरी १९६० नंतरही ते कॅमेऱ्यासमोर येत राहिले. १९६९ मध्ये ते गेले.

'आलम आरा'ची काही छायाचित्रं मात्र उरली आहेत. मागच्या आठवड्यात त्यातलं एक मी मोबाईलवर आठवीच्या मुलांना दाखवलं. एका मुलाने विचारलं, "मॅडम, हा हिंदू की मुसलमान?" दुसरा त्याला म्हणाला, "अरे, हीरो आहे तो." मग आम्ही 'ख़जाना' आणि 'खजिना' फळ्यावर शेजारी शेजारी लिहून घेतले.