विनंती विशेष: मायन्याची कुळकथा

डोंबिवलीत छापल्या जाणाऱ्या लग्नपत्रिकांवर आजही मुलाच्या नावाआधी 'चि.' आणि मुलीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' दिसते. मजकूर 'स. न. वि. वि.' ने सुरू होतो. ही अक्षरे कुणी मोठ्याने वाचत नाही, पण ती गाळली तर घरातल्या वडीलधाऱ्यांना पत्रिका अपुरी वाटते. सप्रेम नमस्कार विनंती विशेष या चार शब्दांचे घराणे दरबारातले आहे.

जुन्या पत्राचा मायना लिहिणारा आणि वाचणारा कोणत्या पायरीवर उभे आहेत ते आधी सांगे, बातमी मागून येई. हे नियम घालून देण्याचे श्रेय परंपरा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याला देते. कारकुनी लेखनाचे आणि मायन्यांचे 'मेस्तक' त्याच्याच नावावर आहे. पुढे सुलतानी अमलात पत्रे 'अज रख्तखाने' अशा फार्सी थाटाने सुरू होऊ लागली. शिवाजीमहाराजांच्याही अनेक पत्रांचा आरंभ तसाच आहे, शेवटी मात्र संस्कृत मुद्रा उमटते: 'मर्यादेयं विराजते'. महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, तो दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. वि. का. राजवाडे यांनी तीन पत्रांतले शब्दच मोजले होते. 1628 च्या पत्रात मराठी शब्द शेकडा 14 च्या आसपास, 1677 च्या पत्रात 62 आणि 1728 च्या पत्रात 93. शंभर वर्षांत दप्तराची भाषा केवढी पालटली, ते या तीन आकड्यांत दिसते.

पेशवाईत ही रीत पुरती बांधली गेली. अठराव्या शतकाच्या मध्यास कल्याणच्या सुभ्यावर रामाजी महादेव बिवलकर होते. सुभ्यावरून पुण्याला जाणारे पत्र 'श्रीमंत राजश्री' आणि 'स्वामींचे सेवेसी' असे सुरू व्हायचे. मग लिहिणारा स्वतःला 'सेवक' म्हणवून कृतानेक साष्टांग नमस्कार घाली, आणि शेवट 'सेवेसी श्रुत होय, हे विज्ञापना' असा होई. वरून खाली येणारा हुकूम 'जाणिजे' एवढ्यावर संपे. बरोबरीच्या माणसांत 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे, हे विनंती'. आरंभ पाहिला की शेवट ठरलेला. पायरी माणसाला कायमची चिकटलेलीही नव्हती. 1737 साली साष्टीवर चालून जाऊन ठाणे घेणारा आणि मे 1739 मध्ये वसई जिंकणारा चिमाजी आप्पा फौजेला हुकूम देई, पण धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना मोहिमेचा वृत्तांत कळवताना तोच चरणांशी बसलेल्या शिष्याच्या भाषेत लिही.

'विशेष' हा शब्द मला या सगळ्यात फार आवडतो. 'येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत असिले पाहिजे. विशेष.' इथपर्यंत रीत, आणि इथून पुढे खरी हकिकत. पत्र वाचून दाखवणाऱ्याला आपण कुठे सावध व्हायचे ते त्या एका शब्दाने कळे.

ही आद्याक्षरे पोस्टकार्डावर जागा पुरेना म्हणून आली, असा एक समज आहे. पोस्टकार्ड भारतात 1879 साली आले. मोडी लिहिणारे कारकून त्याच्या कितीतरी आधीपासून राजश्रीचा 'रा' आणि साष्टांगाचा 'सा' करून मोकळे होत. कार्डाने ती सवय घरोघर पोचवली. कोकणातल्या आईवडिलांना ठाण्या-कल्याणच्या चाळीतून लिहिताना 'ती.' आणि 'शि. सा. न. वि. वि.', सख्ख्या नसलेल्या वडीलधाऱ्यांना 'ती. स्व.', धाकट्यांना 'अ. उ. आ.'. तळाशी 'क. लो. अ.', म्हणजे कळावे, लोभ असावा: त्या 'लोभ असो दीजे'चेच वंशज. ठाण्यात 1893 साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभारणाऱ्या वि. ल. भावे यांनी 'मराठी दप्तर' या नावाने जुने लेख रुमालवार छापले. तसली पाने चाळताना आपल्या घरच्या पत्रांची भाषा ओळखीची होऊन भेटते.

जपानी पत्रातही आरंभ-शेवटाच्या अशाच जोड्या आहेत: 'हाइकेइ'ने उघडलेले पत्र 'केइगु'ने मिटते. तिथे 'सोरोबुन' ही केवळ पत्राची आणि कागदपत्राची शैली विसाव्या शतकापर्यंत टिकली. बातमीचे क्रियापद वेगळे आणि पाहुण्याला लिहायचे वेगळे, हा भेद तिथे आजही पाळतात.

आपल्याकडे 1964 च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी मराठीची चाल रूढ झाली. 'विषय', 'संदर्भ', 'महोदय', 'आपला विश्वासू'. या भाषेने आदर साधला तो कर्ता काढून टाकून: 'कळविण्यात येते', 'कार्यवाही करण्यात यावी'. कल्याणच्या गृहसंस्थेच्या फलकावरची पाणीकपातीची सूचनाही याच चालीची. 'जाणिजे' म्हणणारा निदान समोर उभा तरी होता. इथे आज्ञा कोण करतो तेच कळत नाही, आणि मला ते 'सेवक' म्हणवून घेण्यापेक्षाही जड वाटते.

मायन्याच्या सगळ्याच पायऱ्या जपाव्यात असे नाही. दलितांवर लादलेला 'जोहार' गेला आणि पत्राच्या माथ्यावर 'जय भीम' आला, ते फार चांगले झाले. विधवेच्या नावाआधीचे 'गं. भा.' हेही तसेच. एप्रिल 2023 मध्ये राज्याच्या एका मंत्र्यांनी 'गंगा भागीरथी' हे पद सरकारी वापरात आणण्याचा प्रस्ताव पुढे केला, तेव्हा राज्यभरातून विरोध झाला. नवरा गेल्याची खबर बाईच्या नावाआधी देणारा मायना कुणालाही नको. 'ती.' आणि 'अ. उ. आ.' यांवर मात्र असला डाग नाही. नातवाला आलेल्या कार्डावर आजोबांच्या अक्षरातले 'अनेक उत्तम आशीर्वाद' असत, ते शब्द फोनवर लिहायलाही काही अडत नाही.