जिम मार्शल

* जिम मार्शल (१९३६–२०१०) : शिकागोत जन्मलेले, सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेले, संगीतविश्व टिपणारे अमेरिकन छायाचित्रकार. कलाकाराच्या जवळ मुक्तपणे वावरता येणार नसेल, तर ते काम नाकारत. बीटल्स, जिमी हेंड्रिक्स, वुडस्टॉक संगीत महोत्सव, सारे त्यांच्या लायका कॅमेऱ्याने टिपले. त्यांचे एक प्रसिद्ध छायाचित्र १९६९ सालचे, सॅन क्वेंटिन तुरुंगातले. त्यात गायक जॉनी कॅश मधले बोट दाखवताना दिसतात. त्या हावभावातला राग कैद्यांवरचा नव्हे. ‘तुरुंगाधिकाऱ्यासाठी एक होऊन जाऊ दे’ असे मार्शल यांनीच सुचवले होते. मार्शल आणि कॅश यांची जुनी ओळख नसती, तर हे चित्र निघालेच नसते, असे आम्हांस ठामपणे वाटते. २०१४ साली मार्शल यांना मरणोत्तर ग्रॅमी ट्रस्टीज पुरस्कार मिळाला. – संपादक